साहित्य, सोल्लू आणि श्रमविधी : नर्तनशिक्षणाच्या संहितांचे एक तौलनिक वाचन

बंगळूरच्या उत्तरेस देवनहळ्ळी, दोड्डबळ्ळापूर आणि हेसरघट्टा यांना सांधणारा जो पठारी पट्टा आहे, त्याचा मराठी वाचकाला असणारा परिचय मुख्यतः राजकीय इतिहासातून आलेला आहे. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या तेथील दरबारात जयराम पिंड्ये यांचे 'राधामाधवविलासचंपू' आकाराला आले आणि वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली ते प्रकाशात आणल्यावर अनेक भाषांच्या कवींनी गजबजलेल्या एका मराठी दरबाराचे चित्र प्रथमच स्पष्ट झाले. एकोजीराजे याच मुलखातून तंजावरास गेले. १६८७ मध्ये बंगळूर भोसल्यांच्या हातून सुटले. देवनहळ्ळी तर आवतीच्या पाळेगारांकडेच राहिली आणि १७४९ मध्ये म्हैसूरकरांनी ती घेतली. मराठी वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने हा सारा मुलूख तंजावरच्या वाटेवरचा एक थांबा ठरला, आणि थांब्याकडे वळून पाहण्याची रीत आपल्या इतिहासलेखनात फारशी नाही.

आज हा पट्टा वेगळ्याच कारणाने जगाच्या नकाशावर आहे. देवनहळ्ळीस २००८ मध्ये विमानतळ सुरू झाला. तेथून नैर्ऋत्येस हेसरघट्ट्याजवळ १९९० पासून 'नृत्यग्राम' हे निवासी नृत्यगुरुकुल उभे आहे. तरुण नर्तकांची घडण हाच ज्याच्या अस्तित्वाचा मुख्य हेतू, असे एक पूर्ण गाव या पठारावर वसविले गेले. मुंबईत याच कालखंडाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य अभिजात बॅलेच्या वर्गांतून काही मुले घडली आणि त्यांच्या घडणीवर चित्रपट निघाले. तंजावरात दोनशे वर्षांपूर्वी नर्तकींना शिकविण्याजोगी एक संपूर्ण संहिता मराठीत रचली गेली. ही तीन उदाहरणे एकत्र ठेवण्याचे कारण केवळ विषयसाम्य नव्हे. नर्तक घडविणारी भाषा ही बहुधा नर्तकाची स्वतःची भाषा नसते, ही गोष्ट तिन्ही ठिकाणी आढळते. आणि या एका गोष्टीमुळे तंजावरच्या मराठी नृत्यसंहितांविषयीचे रूढ वाङ्मयीन मत तपासून पाहावे लागते.

प्रथम 'बॅले' या शब्दाविषयी. मराठीत, विशेषतः मुंबईच्या सांस्कृतिक व्यवहारात, हा शब्द पॅरिस वा पीटर्सबर्गच्या शिस्तीचा वाचक कधीच नव्हता. उदयशंकरांच्या प्रभावातून आणि इप्टाच्या मध्यवर्ती नृत्यपथकातून जे नृत्यनाट्य उदयास आले, त्याला मुंबईने बॅले म्हटले. शांती बर्धन यांचे 'लिट्ल बॅले ट्रूप' १९५२ मध्ये स्थापन झाले. कळसूत्री बाहुल्यांच्या हालचाली माणसांच्या शरीरात उतरविणारे त्याचे 'रामायण' याच अर्थाने बॅले होते. सचिन शंकर यांचे 'बॅले युनिट' आणि पार्वतीकुमार यांचे 'देख तेरी बंबई' यांनाही तेच नाव मिळाले. येथे बॅले म्हणजे कथानक, समूह आणि संगीत यांची रंगमंचीय जुळणी; दांडीला धरून वर्षानुवर्षे गुडघे वाकविण्याचा अभ्यास नव्हे. त्यामुळे पाश्चात्त्य बॅलेचे प्रत्यक्ष शिक्षण शहरात रुजू लागले, तेव्हा शब्द आधीपासून हजर होता आणि वस्तू नंतर आली. तौलनिक अभ्यासात असे प्रसंग दुर्मीळ नाहीत. तरी हा जरा गमतीचा आहे.

सूनी तारापोरवाला यांचा 'ये बॅले' (२०२०) हा चित्रपट या उशिरा आलेल्या वस्तूचे आख्यान सांगतो. निम्न आर्थिक स्तरातील दोन मुंबईकर मुलगे एका परदेशी शिक्षकाच्या हाती लागतात; त्यांतील एकाची भूमिका, ज्याच्या जीवनावर ती बेतली आहे त्या मनीष चौहान या नर्तकानेच केली आहे. चित्रपटाची प्रामाणिकता निर्विवाद आहे. पण प्रशिक्षणाच्या चित्रणापुरते बोलायचे तर तो जगभरच्या नर्तकपटांच्या चाकोरीतच राहतो : अडथळे बाहेरचे असतात. वडिलांचा विरोध, पैशाची चणचण, जात्याच परके असलेले जग. वर्गात रोज जे घडते, तीच हालचाल हजार वेळा घोटणे, ते काही सेकंदांच्या तुकड्यांत, संगीताच्या पाठिंब्याने, उरकले जाते. हा दोष दिग्दर्शिकेचा नव्हे, आख्यानप्रकाराचा आहे. कथनाला घटना लागते, आणि सराव म्हणजे घटना न घडण्याचा दीर्घ काळ. सात-आठ वर्षांच्या वयात सुरू व्हावयाचा अभ्यास हे मुलगे तारुण्याच्या उंबरठ्यावर सुरू करतात, त्यामुळे शरीराची घटिका हीच खरी प्रतिनायिका आहे; चित्रपट तिची जाणीव देतो, पण तिला पात्राचा दर्जा देत नाही.

त्या वर्गातील एक गोष्ट मात्र अधिक खोलात जाऊन पाहण्याजोगी आहे. शिक्षक 'प्लिये' म्हणतो आणि मुले गुडघे वाकवितात. 'प्लिये' हे फ्रेंच क्रियापदाचे धातुसाधित रूप. अर्थ, वाकविलेले, दुमडलेले. पॅरिसमधील मुलीला तो अर्थ आधी कळतो आणि हालचाल नंतर येते. मुंबईच्या मुलाकडे अर्थ येतच नाही. त्याच्यापाशी येतो तो एक ध्वनी, आणि ध्वनीबरोबर एक ठरलेली हालचाल. काही महिन्यांनी तो ध्वनी ऐकताच शरीर वाकते. म्हणजे फ्रेंच भाषेतील एक सार्थ शब्द येथे भरतनाट्यातील सोल्लूच्या पातळीवर आलेला असतो. 'तै या तै' या बोलांना कोशगत अर्थ नाही. त्यांचा अर्थ म्हणजे पायाने जमिनीवर केलेला आघात. तमिळमध्ये 'सोल्' म्हणजे शब्द, उच्चारणे. दक्षिणेच्या नृत्यपरंपरेने निरर्थक अक्षरांनाच 'सोल्लू' हे नाव दिले, यात एक भाषाविचार दडलेला आहे : शब्द प्रथम उच्चार असतो, मग कृती, आणि अर्थ कदाचित शेवटी.

युरोपने आपल्या नृत्यशिक्षणाला ग्रंथरूप दिले ते टप्प्याटप्प्याने. चौदाव्या लुईने १६६१ मध्ये नृत्याची राजसंस्था स्थापन केली आणि परिभाषा फ्रेंच झाली ती कायमची. कार्लो ब्लासिस या इटालियन नर्तकाने १८२० मध्ये मिलान येथे आपला पाठ्यग्रंथ प्रसिद्ध केला, तोही फ्रेंचमध्येच. शरीराच्या आकृत्या, उभे राहण्याच्या पद्धती, आणि आदर्श म्हणून समोर ठेवलेली शिल्पे. जांबोलोन्याच्या 'मर्क्युरी'वरून ब्लासिसने एका प्रसिद्ध अवस्थानाची कल्पना मांडली. १९३४ मध्ये लेनिनग्राडला आग्रिपिना वागानोवा यांचा ग्रंथ आला, भाषा रशियन, परिभाषा पुन्हा फ्रेंच. या परंपरेत संहिता आणि शरीर यांच्यामध्ये चित्र उभे असते. विद्यार्थी पाहतो आणि अनुकरण करतो.

ब्लासिसचा ग्रंथ छापला जात होता तेव्हा तंजावरात दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) गादीवर होते. हे समकालीनत्व योगायोगाचे आहे आणि त्यावर कोणताही प्रभावसिद्धान्त उभारण्याचे कारण नाही. परंतु दोन्ही ठिकाणी एकाच काळात नर्तनशिक्षणाचा क्रम लिहून स्थिर करण्याची निकड भासावी, हे लक्षणीय आहे. तंजावरात या निकडीला पूर्वपीठिकाही होती. पहिल्या तुळजाराजांच्या (राज्यकाल १७२८ ते १७३६) 'संगीतसारामृत' या संस्कृत ग्रंथात नर्तनाच्या सरावाचा विचार 'श्रमविधी' या संज्ञेखाली आला आहे, आणि तेथे अडवूंच्या संस्कृत नावांसोबत त्यांची देशी नावे आणि बोलही नोंदलेले आहेत. 'श्रमविधी' ही संज्ञा मराठी समीक्षेने खरे तर उचलून घ्यावयास हवी होती. रियाज, तालीम, मेहनत हे आपले नित्याचे शब्द एक तर गायनाच्या वा आखाड्याच्या अंगाने येतात; श्रमालाच विधीचा दर्जा देणारा शब्द शेजारच्या शास्त्रग्रंथात पडून राहिला.

सरफोजींच्या नावावर असलेल्या मराठी नृत्यरचना तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाल्या. त्यांच्या संग्रहाचे शीर्षक 'कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस' असे आहे. या शीर्षकावर थोडे थांबणे आवश्यक आहे. 'कोर्वै' हा तमिळ शब्द. ओवलेली माळ, आणि नृत्यात अडवूंची गुंफण. मराठीने त्याचे 'कोर्वे' केले आणि सामान्यरूप करून त्याला निमूटपणे षष्ठीचा प्रत्यय लावला. 'जिन्नस' अरबी-फारसीतून आलेला, बाजारात आणि मुदपाकखान्यात रुळलेला. मध्ये 'साहित्य'. आजच्या वाचकाला हे शीर्षक वाण्याच्या यादीसारखे वाटले तर त्यात त्याचा दोष नाही. 'स्वयंपाकाचे साहित्य' म्हणणारी भाषा तीच आहे. पण दाक्षिणात्य संगीत-नृत्यव्यवहारात 'साहित्य' म्हणजे धातूला जोडलेली मातू, सुरावर वा बोलावर बसविलेले शब्द. तेव्हा या शीर्षकाचा सरळ अर्थ, अडवूंच्या गुंफणींवर बसविलेल्या शब्दरचनांचे प्रकार. साहित्य ही स्वयंपूर्ण वस्तू नसून कशाला तरी जोडून येणारी वस्तू आहे, ही जाणीव येथे शीर्षकातच नोंदलेली आहे. 'साहित्य' या शब्दातील 'सहित' येथे अजून जिवंत आहे.

या रचनांची संघटना 'निरूपण' या नावाने ओळखली जाते. एका निरूपणात अठरा रचना. जय, शरणू, अलारू, सोल्लू, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, अभिनयपद, तिल्लाना, जक्किणी, गीत, प्रबंध अशा क्रमाने पुढे सरकत शेवटी मंगळ. त्या सर्वांतून एकच कथाविषय चालतो आणि सर्व रचना एकाच रागात व एकाच तालात असतात. पानावर वाचणाऱ्याला हे एकसुरी वाटते. मराठी वाङ्मयेतिहासात तंजावरच्या नाटकांची, 'देवेंद्र कुरवंजी'सारख्या भूगोल सांगणाऱ्या विलक्षण रचनेची कुतूहलाने नोंद होते. निरूपणांना मात्र, काव्यगुण बेताचे, भाषा दाक्षिणात्य वळणाची, पुनरुक्ती फार, अशा शेऱ्यानिशी बाजूस सारले जाते. हे शेरे चुकीचे नाहीत. ते चुकीच्या जागी उभे राहून मारलेले आहेत.

शिकणाऱ्याच्या बाजूने पाहिले की चित्र पालटते. राग आणि ताल बदलत नाहीत, म्हणून शिकणारीचा कान एका जागी स्थिर राहतो आणि तिचे सारे लक्ष शरीराकडे जाऊ शकते. आधी वंदन, मग शुद्ध पदन्यास, मग बोल, मग बोलांबरोबर शब्द, मग शब्दांचा अभिनय, पुन्हा पदन्यास : ही चढण कथेची नाही, क्षमतेची आहे. कथा सर्वत्र तीच राहते, कारण ती शिकणारीला आधीपासून ठाऊक असणे सोयीचे असते. पुनरुक्तीचे प्रयोजनही येथेच आहे. एक ओळ अनेकदा येते ती कवीला दुसरी सुचत नाही म्हणून नव्हे. ती दर वेळी वेगळ्या हस्तांनी, वेगळ्या दृष्टीने करावयाची असते म्हणून. ओळीचे वैविध्य नर्तकीकडे सोपविलेले आहे. ब्लासिसने शब्द आणि शरीर यांमध्ये चित्र ठेवले. निरूपणकर्त्याने तेथे काहीच ठेवले नाही, शब्दच अशा मापाचे घडविले की ते म्हणताना पाय पडावा. अपुरी दिसणारी ही संहिता मुद्दाम अपुरी ठेवलेली आहे.

अर्थात येथे एक आक्षेप संभवतो. शब्दांचे माप बोलाला जुळते म्हणून त्यांना वाङ्मय म्हणावे, तर अंकलिपीलाही वाङ्मय म्हणावे लागेल. आक्षेप वजनदार आहे आणि तो पूर्णपणे परतविता येत नाही. निरूपणांत सर्वच रचना सारख्या तोलाच्या नाहीत. काही निव्वळ चौकट भरण्यासाठी आलेल्या आहेत. परंतु अभिनयपदांकडे पाहिले असता, ओळीतील मोकळी जागा कोठे ठेवावी याचे भान असलेला रचनाकार दिसतो, आणि हे भान नाटककाराच्या भानाच्या जवळचे आहे. नाटकाच्या संहितेला आपण अपुरेपणाचा दोष देत नाही.

आता अधिक अडचणीचा प्रश्न. ही मराठी कोणाच्या तोंडी होती? तंजावर दरबारात नृत्य शिकणाऱ्या आणि सादर करणाऱ्या स्त्रिया बहुतांशी तमिळ-तेलुगूभाषक घराण्यांतील होत्या, आणि त्यांना शिकविणारे नट्टुवनार तमिळ होते. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे बंधू, ज्यांनी अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा आजचा प्रयोगक्रम स्थिर केला, याच दरबाराशी निगडित होते. त्यांच्या शिष्यांसाठी मराठी ही राजभाषा होती, घरची भाषा नव्हे. लहान वयात पाठांतराला बसलेल्या त्या मुलीला 'शरणू' कदाचित कळत असेल. पुढची मराठी क्रियापदे तिच्याकडे ध्वनी म्हणूनच येत असणार. मुंबईतील मुलाला 'प्लिये' जसे ऐकू येते, तशी तंजावरात मराठी ऐकू येत होती. मराठी भाषकाला आपली भाषा सत्तेची भाषा म्हणून, परक्या शरीरावर घातलेली भाषा म्हणून पाहण्याची सवय नाही. फ्रेंच, फारसी, इंग्रजी यांच्याविषयी तो ते सहज पाहतो. 'दक्षिणेतील मराठीचा वारसा' हा गौरवाचा शब्दप्रयोग वापरताना हा वारसा कोणी पाय झिजवून सांभाळला, हे सांगितले जात नाही.

त्या स्त्रियांचे पुढे काय झाले हे सर्वज्ञात आहे. दरबार संपला, मद्रास इलाख्यात १९४७ साली देवदासी-अर्पणावर कायद्याने बंदी आली, आणि वंशपरंपरेने आलेला श्रमविधी मोडला. कायद्यामागील सामाजिक न्यायाची बाजू भक्कम होती. तिच्याविषयी येथे वाद नाही. परिणाम इतकाच की संहिता ग्रंथालयात सुरक्षित राहिली आणि ती ज्या शरीरांसाठी होती ती शरीरे विखुरली.

मालवणात जन्मलेले आणि मुंबईत घडलेले आचार्य पार्वतीकुमार या टप्प्यावर येतात. मुंबईच्या अर्थाने बॅले बसविणारा हा नृत्यदिग्दर्शक तंजावरच्या मराठी हस्तलिखितांकडे वळला, त्यांवर दीर्घ काळ काम करीत राहिला, आणि त्यांतील रचना शिष्यांच्या शरीरांत पुन्हा उतरविल्या. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेला त्यांचा 'तंजावूर नृत्यप्रबंध' हा या उद्योगाचा ग्रंथरूप पुरावा. हे काम पाठचिकित्सेच्या रूढ निकषांनी मोजले तर त्यात उणिवा काढता येतील. पण संपादनाचा एक निकष असाही असू शकतो की ओळ म्हणताना पाय पडतो की नाही. आणि हा निकष लावू शकणारा संपादक मराठीला दुसरा मिळालेला नाही. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी पुढे तंजावर बंधूंच्या घराण्यातील किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडे शिक्षण घेतले आणि भोसले राजांच्या रचना रंगमंचावर आणल्या. म्हणजे मराठी संहिता आणि तमिळ नट्टुवनारांची परंपरा यांची पुन्हा गाठ पडली ती पुणे-मुंबईच्या मध्यमवर्गीय, मराठी मातृभाषा असलेल्या नर्तिकांत. येथे प्रथमच संहितेची भाषा आणि शिकणारीची भाषा एक झाली. या जुळणीचा लाभ उघड आहे. तोटा कोणी फारसा सांगत नाही : अर्थ आधी कळू लागला की अभिनय शब्दाच्या मागे धावू लागतो, आणि ध्वनीपासून अर्थाकडे जाण्याचा जो दीर्घ पल्ला परभाषक नर्तकीला तोडावा लागे, तो एका पावलात संपतो. त्या पल्ल्यातच कदाचित पदाचा विस्तार होत असे.

हेसरघट्ट्याकडे परत येताना हाच पल्ला पुन्हा भेटतो. नृत्यग्रामच्या संस्थापिका प्रोतिमा बेदी यांनी मुंबईत १९७५ साली ओडिसी प्रथम पाहिले आणि केलुचरण महापात्र यांचे शिष्यत्व पत्करले. त्यांचे निधनोत्तर प्रसिद्ध झालेले 'टाइमपास' हे आत्मकथन या शिक्षणाची हकीकत सांगते. तेथेही, 'ये बॅले'प्रमाणेच, घडण मुख्यतः शरणागतीची कथा म्हणून येते : हट्टी शरीर, कठोर गुरू, अखेर वितळणे. आत्मकथनाला याहून वेगळे काही करणे अवघड असते. १९९८ मध्ये मालपा येथील दरड कोसळून त्यांचा अंत झाला, आणि त्यानंतर सुरूपा सेन व बिजयिनी सत्पथी यांनी जे उभे केले ते आत्मकथनात मावणारे नव्हते. ओडिसीचा चौक आणि त्रिभंगी यांच्यासाठी शरीर कसे तयार करावे याचा त्यांनी बारकाईने, अवयवागणिक विचार केला. योग, कळरीपयट्टू आणि नाट्यशास्त्रातील अंगविचार यांतून व्यायामांचा क्रम रचला. हा एका अर्थाने नवा श्रमविधी आहे, आणि त्याला ब्लासिसचे शेजारही आहे, कारण परदेशी रंगमंचांवर वावरणाऱ्या या संस्थेच्या दृष्टीसमोर बॅलेच्या शाळेची शिस्त असणे साहजिकच होते. गेरार्ड दा कुन्हा यांनी दगडामातीत बांधलेल्या त्या इमारतींत उत्कलच्या नृत्याचे शिक्षण कन्नड मुलखात चालते. जयदेवाचे संस्कृत, ओडिया पदे, मर्दलाचे बोल. आणि शिकणाऱ्यांत आसपासच्या खेड्यांतील कन्नडभाषक मुलेही.

ओडिया पद कन्नड मुलीला कसे शिकविले जाते, अर्थ केव्हा सांगितला जातो, बोलाच्या आधी की नंतर, याची नोंद कोणी पद्धतशीरपणे केली तर निरूपणांच्या अभ्यासकाला तिचा थेट उपयोग होईल. तंजावरच्या मुलींविषयी जे अनुमानाने सांगावे लागते ते येथे पाहता येते. निरूपणांची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा तिच्या पानावर मराठी ओळीखाली सोल्लूची ओळ छापली जावी, आणि तिच्या संपादकमंडळात निदान एक तमिळभाषक नट्टुवनार असावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. मराठी ओळीचा छंद कोठे मोडतो आणि कोठे मोडल्यासारखा केवळ दिसतो, हे त्याच्या हातातील तट्टुकळीलाच ठरविता येईल.